उजवा पाय पुढे सरकतो

स्तामेन : पुन्हा टाचा उचलल्यास. बार ठेव स्टँडवर.

नेद्याल्का : नाही उचलल्या, काका.

स्तामेन : टाचेखाली तुझंच बसचं तिकीट ठेवलं होतं मी. तू खाली बसलीस तेव्हा काठीनं ओढलं, आणि हे बघ, आलं हातात.

नेद्याल्का : उचलल्या असतील मग. बाकीच्या चार बैठका तर नीट झाल्या ना? आता वजन वाढवा. दोन आठवडे झाले, रिकामा बार घेऊनच उठबस चाललीय माझी. मला बावन्न किलो उचलायचंय. शनिवारपर्यंत.

स्तामेन : शनिवार परवा आहे.

नेद्याल्का : म्हणूनच म्हणतेय.

स्तामेन : चाळीस वर्षं या हॉलमध्ये वजनं उचलायला शिकवतोय. कुणी पन्नास मागतं, कुणी साठ. बावन्न अजून कुणी मागितलं नव्हतं.

नेद्याल्का : असंच, मनात आलं. काका, वेळ जातोय. शेजारच्या गिनाताईंना घरी बसवून आलेय, सहाला त्या उठतील.

स्तामेन : बूट काढ.

नेद्याल्का : चांगले आहेत की. नवे आहेत, धावायचे.

स्तामेन : धावायचेच आहेत. खाली नुसता स्पंज. गादीवर उभं राहून कुणी ओझं उचलतं का? मोजेही काढ. आता पाय खांद्यांइतके फाकव. एवढे नकोत, ओढा ओलांडायचा नाहीये. हां. चवडे जरासे बाहेर. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्ही टेकलेत?

नेद्याल्का : टेकलेत.

स्तामेन : टाच?

नेद्याल्का : आत्ता टेकली.

स्तामेन : तू उभी राहतच नाहीस. कायम निघालेली असतेस.

नेद्याल्का : बावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडतेय. टाचांवर भार दिला तर पहिल्या ब्रेकला उताणी पडेन.

स्तामेन : ही जमीन ब्रेक मारत नाही. घे बार. खाली जा, सावकाश. गुडघे आत पडतायत, बोटांच्या दिशेनं जाऊ देत. थांब, तशीच थांब. उजवा पाय बघ तुझा.

नेद्याल्का : काय झालं त्याला?

स्तामेन : चार बोटं पुढे गेलाय. रोज तेच. सुरुवातीला पाय जोडीनं असतात, भार आला की उजवा पुढे सरकतो. ठेव बार. पाठ कशानं भरली म्हणाली होतीस?

नेद्याल्का : लोणच्याच्या बरण्या उचलताना.

स्तामेन : बरण्यांसाठी कुणी असा पाय घालत नाही. माझ्या बायकोला मी तीन वर्षं न्हाणीतून उचलून आणायचो. समोर टबचा काठ यायचा, म्हणून माझाही पाय असाच पडायचा.

नेद्याल्का : बार घेऊ ना पुन्हा?

स्तामेन : बस जरा.

नेद्याल्का : बसायला वेळ नाहीये मला. आईचं वजन आहे ते. बावन्न. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या हातातून सुटली ती. फार नाही लागलं, मनगट सुजलं नुसतं. पण तेव्हापासून मला अंगाला हात लावू देत नाही. गिनाताईंना म्हणते, तुम्ही उठवा. त्या सत्तरीच्या. भावाला, लाझारला, तिनंच फोन केला. शनिवारी येतोय जर्मनीहून, वृद्धाश्रमाचे कागद घेऊन. त्याला काय दाखवू मी? काहीतरी दाखवायला हवं ना.

स्तामेन : बावन्न किलोचा बार निराळा नि बावन्न किलोची आई निराळी. बार घाबरत नाही.

नेद्याल्का : मग दोन आठवडे मला उगाच वाकवलंत?

स्तामेन : उगाच नाही. पाठ शिकली, आता पाय शिकतायत. शनिवारी सकाळी मी घरी येतो.

नेद्याल्का : चौथा मजला आहे. लिफ्ट बंद. आणि तुमचे हे गुडघे.

स्तामेन : लवकर निघेन. आता पाच बैठका मार. घड्याळाकडे नाही, भिंतीकडे बघून.

(शनिवार. नेद्याल्काच्या घरी. तिची आई तोन्का पलंगाच्या कडेला बसलेली.)

तोन्का : हा कोण माणूस? किती धापा टाकतोय. आधी पाणी दे त्याला.

स्तामेन : मी स्तामेन. वजनं उचलायला शिकवतो.

तोन्का : मी वजन नाही.

स्तामेन : म्हणून तर चार जिने चढून आलो.

नेद्याल्का : आई, लाझार बारापर्यंत येईल. त्याच्याआधी एकदाच उठून बघूया. एकदाच.

तोन्का : नको. तू ओढतेस.

नेद्याल्का : नाही ओढणार.

तोन्का : तेव्हाही हेच म्हणालीस. पडले मी, आणि वर माझ्यावरच खेकसलीस.

नेद्याल्का : घाबरले होते गं मी.

तोन्का : आणि मी काय नाचत होते?

स्तामेन : तोन्काबाई, तुमचे पाय कुठे आहेत?

तोन्का : असतील कुठे? पडलेत पुढे.

स्तामेन : मागे घ्या. टाचा गुडघ्यांच्या खाली. आणखी थोड्या. तुम्ही लोकरीच्या गिरणीत होतात म्हणे.

तोन्का : एकतीस वर्षं. चार माग एकटी बघायची मी.

स्तामेन : मग उभं राहणं तुम्हाला मी काय शिकवणार? टाचा टेकल्या?

तोन्का : टेकल्या. पायांचं मला कुणी विचारलंच नाही कधी. जो येतो तो काखेत हात घालतो नि ओढतो.

स्तामेन : नेद्याल्का, समोर ये. पाय फाकव, आईचे गुडघे तुझ्या गुडघ्यांच्या मध्ये. पाठ ताठ, खाली बस. हात तिच्या पाठीमागे, काखेत नकोत. तोन्काबाई, तुम्ही पुढे झुका. आणखी. नाक पायाच्या बोटांवर आलं पाहिजे.

तोन्का : डोकं आपटेल हिच्या खांद्यावर.

नेद्याल्का : आपटू दे.

स्तामेन : नेद्याल्का, आकडे तू मोजायचे नाहीत. आई मोजेल. तीन म्हटल्याशिवाय हलायचं नाही.

तोन्का : एक. दोन. थांब, घाबरलीयस तू.

नेद्याल्का : हो.

तोन्का : मीही घाबरलेय. बरं. एक. दोन. तीन.

स्तामेन : उजवा पाय तिथेच. टाच दाब. हां. आता श्वास सोडा, दोघींनीही.

नेद्याल्का : आई, उभी आहेस तू.

तोन्का : कळतंय मला. कानात ओरडू नकोस.

नेद्याल्का : दुखतंय का? बसवू?

तोन्का : बसव म्हटलं का मी?

नेद्याल्का : बेल वाजली. लवकर आला लाझार. तू बस, मी दार...

स्तामेन : मी जातो.

तोन्का : कुणी जाऊ नका. दार नुसतं लोटलंय, येईल तो आत. अशीच दिसू दे मी त्याला.