घासलं गेलेलं दार

(गाड्यांच्या शोरूममधली काचेची केबिन. आत मॅनेजर, नवीन गाडी न्यायला आलेल्या बाई आणि त्यांचा नवरा. काचेपलीकडे ती गाडी उभी आहे.)

मॅनेजर: खड्डा म्हणू नका मॅडम. किरकोळ टच झालाय.

बाई: तुमच्या किरकोळात माझी चार बोटं मावली. मागच्या दारापासून चाकापर्यंत रंग खरवडून निघालाय. किरकोळ असतं, तर ती बाजू भिंतीला चिकटवून गाडी लावली नसती तुम्ही.

मॅनेजर: जागेची अडचण आहे हो.

बाई: इथे अख्ख्या शाळेची कवायत होईल एवढी जागा आहे.

नवरा: अगं, साहेब नीट सांगतायत ना.

बाई: साहेब नीट नाही, गोड सांगतायत. काल 'आज नको, उद्या या' असा निरोप आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. बरं, मला सांगा, झालं काय?

मॅनेजर: म्हणजे काल गाडी धुवायला नेली गेली. परत आणताना खांब मध्ये आला. आणि दार घासलं गेलं.

बाई: खांब आला?

मॅनेजर: हो.

बाई: कुठून? बसने?

मॅनेजर: मॅडम, ही बोलायची पद्धत असते.

बाई: चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं मी. ही पद्धत मला पाठ आहे. काच फुटली, शाई सांडली, वही फाटली. वाक्यात माणूसच नाही! पण माझी सातवीतली पोरं तिसऱ्यांदा विचारलं की खाली बघून 'मी फोडली' म्हणायची. तुम्ही तर टाय लावून बसलायत. गाडी कोणी नेली?

मॅनेजर: नेली गेली.

बाई: कोणी घासली?

मॅनेजर: आता, घासली गेली.

बाई: शाबास. भुतं ठेवलीत का कामाला? पगार घेतात की फुकट राबतात?

नवरा: हळू बोल. बाहेरून लोक बघतायत.

बाई: बघू देत. त्यांनाही गाड्या घ्यायच्यात.

मॅनेजर: हे बघा, दार ठोकून सरळ करतो, रंग मारतो. चार दिवसांत कुणाला कळणारसुद्धा नाही.

बाई: मला कळेल ना! मी नवी गाडी घेतलीय. ठोकून सरळ केलेली हवी असती तर जुन्या बाजारात गेले नसते का? दुसरी द्या, नाहीतर पैसे परत करा.

मॅनेजर: आता नाही जमणार. परवाच तुमच्या नावावर नोंदणी झालीय. कायद्याने गाडी तुमचीच.

बाई: माझी? मग किल्ली कुठेय माझी?

मॅनेजर: ड्रॉवरमध्ये.

बाई: कुणाच्या?

मॅनेजर: माझ्या.

बाई: म्हणजे ताबा तुमचा. माझ्या हातात देईपर्यंत तिला काही झालं तर ते तुम्ही निस्तरायचं. सकाळीच ग्राहक संघटनेच्या ऑफिसात जाऊन बसले होते मी. त्यांनी बजावलंय, गाडी चहूबाजूंनी बघितल्याशिवाय कशावरही सही करायची नाही.

नवरा: घेऊन टाक गं. तशीही पहिल्याच आठवड्यात तू घासणार होतीस. यांनी तुझं काम वाचवलं.

मॅनेजर: सर भारी विनोदी आहेत.

बाई: छत्तीस वर्षं हसतेय मी. तुमच्या कोपराखाली काय आहे तो कागद?

मॅनेजर: हा विम्याचा फॉर्म. नुसती फॉर्मॅलिटी. तुम्ही फक्त खाली...

बाई: द्या इकडे. 'वाहनमालक स्वतः वाहन चालवत असताना अंदाज चुकल्याने वाहन खांबावर आदळले.' वाहनमालक कोण?

मॅनेजर: ते टेक्निकली...

बाई: मी! अर्धा तास मी वाक्यातला कर्ता शोधतेय आणि तो या खुर्चीत बसलाय. आवार तुमचं, खांब तुमचा, माणूस तुमचा, आणि भरपाई माझ्या विम्यातून. वड्याचं तेल वांग्यावर! एरवी तुमच्या तोंडून नाव फुटत नाही आणि इथे अगदी कारणासकट. अंदाज चुकल्याने म्हणे. ज्या गाडीत मी अजून बसलेसुद्धा नाही, तिच्यात माझा अंदाज चुकला?

मॅनेजर: सगळीकडे असंच करतात मॅडम. पैसे विमा कंपनी देते. तुमचं काय जातं?

बाई: माझं नाव जातं. साठाव्या वर्षी शिकले मी गाडी. पाच महिने, रोज सकाळी. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची, तिच्या शिव्या खाल्ल्या. एका कुंडीलाही धक्का लावला नाही. परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाले. आणि माझ्या नावावर पहिली नोंद काय, तर हिने गाडी ठोकली! दाराचं आपण बघू. पण हे वाक्य मी राहू देणार नाही.

मॅनेजर: मग दुसऱ्या गाडीला दोन महिने लागतील.

बाई: थांबते. दोन महिने तेवढे लिहून द्या.

मॅनेजर: मॅडम, आता नाइलाजाने सांगतो. ते वाक्य आमचं नाहीच.

नवरा: साहेब, जाऊ द्या ना.

मॅनेजर: कसं जाऊ देऊ सर? सगळं खापर माझ्याच डोक्यावर फुटतंय. मॅडम, काल तुमच्या घरी फोन केला होता. सरांनी घेतला. आम्ही लिहिणार होतो, अनोळखी वाहनाने धडक दिली. सर म्हणाले, कशाला एवढं? बायकोने ठोकली म्हणून लिहा, कुणीही विश्वास ठेवेल.

बाई: कोण म्हणालं?

मॅनेजर: सर म्हणाले.

बाई: हे तुमचं आजचं पहिलं सरळ वाक्य. आता दुसरं बोला. गाडी कोणी ठोकली?

मॅनेजर: मी.

बाई: तुम्ही?

मॅनेजर: धुणारा जेवायला गेला होता. मीच काढली बाहेर. फोन चालू होता.

बाई: बघा, जीभ झडली नाही. आता हेच पत्रात लिहा. गाडी आमच्या ताब्यात होती, मी ठोकली, ग्राहकाचा संबंध नाही, दुसरी अमुक तारखेला देतो. खाली सही आणि शिक्का.

मॅनेजर: मालकांना विचारावं लागेल.

बाई: विचारून या. फॉर्म माझ्याकडे राहील. आणि जाताना दार लावून घ्या. जपून, ते काचेचं आहे.

नवरा: गेला. केवढा राईचा पर्वत केलास! कागदावरची एक ओळ होती.

बाई: तुमचा चष्मा हरवतो. तुमच्या किल्ल्या हरवतात. बिल भरायची तारीख आपली आपण निघून जाते. आणि दूध मात्र मी उतू घालवते. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासल्या, आणि घरातली वाक्यं तशीच सोडली. मूर्ख बाई मी.

नवरा: गमतीत म्हणालो गं.

बाई: परक्या माणसाला? मी शेजारच्या खोलीत असताना?

नवरा: गाडी लवकर मिळाली असती. तुझ्यासाठीच केलं.

बाई: माझ्यासाठी मलाच नालायक ठरवलंत. उपकार आहेत तुमचे.

नवरा: आता काय पाया पडू?

बाई: नको. एक विचारते, त्याचं उत्तर द्या. परीक्षेच्या दिवशी तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. मी कशी चालवली?

नवरा: चांगली.

बाई: म्हणजे कशी?

नवरा: ते मागे घेत दोन कठड्यांमध्ये लावायचं असतं ना, ते तू एका दमात केलंस. मला तीस वर्षांत तसं कधी जमलं नाही.

बाई: हे मला आज सांगताय?

नवरा: सांगायचं राहून गेलं.

बाई: राहून गेलं?

नवरा: बरं. मी सांगितलं नाही.

बाई: सगळं डोळ्यांनी बघितलंत, तरी त्या माणसाला फोनवर ते बोलवलं कसं तुम्हाला?

नवरा: डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला कुणी स्टिअरिंगला हात लावू देत नाही. आता जन्मभर तू नेशील तिथे जायचं, शेजारी बसून. तो म्हणाला गाडी ठोकलीय, आणि माझ्या मनात आलं, हिनेच ठोकली असती तर...

बाई: तर काय?

नवरा: मला बरं वाटलं असतं.