भांडं सोडून डबाच तापतो

...अहो, भांडं तापलं पाहिजे हे मला कबूल आहे, तुम्हाला सांगतो, भांडं तापवायचं म्हणून तर हा सगळा खटाटोप, पण डबा कशाला तापतोय? डब्यात फुलं घातलीयत का मी? डब्यातून अर्क काढायचाय? तांब्याचं भांडं गारठून बसलंय, आतलं पाणी धड आंघोळीइतकंही कोमट नाही, आणि भिंतीवरच्या त्या डब्याला हात लावला तर बोटं चोखत बसायची वेळ. हा काय न्याय झाला?

आता तुम्ही म्हणाल, खमैस, तू टॅक्सी चालवतोस, सकाळी नाबल, दुपारी ट्युनिस, तुला कुणी सांगितलं विजेच्या भानगडीत पडायला? सांगतो ना. मागच्या वसंतात आमची आई अर्क काढताना शेगडीपाशी पडली. चक्कर आली आणि सरळ खाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आजी, छातीत धूर भरलाय तुमच्या, आता शेगडी बंद." आई म्हणाली, "बरं." तुम्हाला सांगतो, आमची आई आजवर कुणाला 'बरं' म्हणालेली मला माहीत नाही. डॉक्टरला म्हणाली, नवऱ्याला कधी म्हणाली नव्हती. मी तिथेच घाबरलो.

घरी आली आणि भांडं चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. पुढे वर्षभर त्याचं नाव नाही. आणि या वसंतात, इकडे गल्लीत कडू नारिंगाची झाडं फुलून घमघमाट सुटलाय, दारोदार फुलांच्या राशी चाललेल्या, आणि ही बाई शांतपणे मला सांगते, "खमैस, तांबटाला निरोप दे. भांडं घेऊन जा म्हणावं." तिच्या सासूचं भांडं ते. घरातलं कुणीही आजारी पडलं की त्याच भांड्यातलं फुलांचं पाणी कपाळाला लावून आम्ही बरे झालो, आणि ते मोडीत द्यायचं? मी म्हटलं, थांब. धूरच नको ना? मग धूर काढून टाकू. विजेवर करू.

म्हणून बहिणीच्या नवऱ्याला फोन केला. रिधा तिकडे फ्रान्समध्ये मार्सेयला असतो, आणि तिकडे गेल्यापासून त्याला सगळंच कळायला लागलंय. म्हणाला, "अरे, सोपं आहे. भांड्यात बसवायची कॉइल पाठवतो आणि आच कमीजास्त करायचा डबा पाठवतो. इकडे लोक घरच्या घरी काय काय गाळतात यावर." काय गाळतात ते मी विचारलं नाही, आई शेजारी बसली होती. तर सामान आलं. भांड्याला भोक पाडून कॉइल बसवली, फुलं तिला चिकटून जळू नयेत म्हणून वर जाळी ठेवली, डबा भिंतीला ठोकला. पुढे लाल आकडे, खाली एक गोल बटण. फिरवलं की आच वाढते, उलटं फिरवलं की उतरते. देखणा डबा हो. आईने सगळं पाहिलं आणि म्हणाली, "आजचं पाणी जळकं निघालं तर उद्या तांबट."

आलं का लक्षात? फुलं सकाळी खुडलेली, पांढऱ्या चादरीवर पसरलेली, संध्याकाळपर्यंत ती काळी पडणार. आणि मी बटण फिरवतो, आकडे चढतात, सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात... आणि खट्. आकडे गेले. भांडं सोडून डबाच तापलेला.

फोन लावला. "रिधा, डबा तापून बंद पडला." तर तो काय म्हणतो, "पंखा फिरतोय का आतला?" फिरतोय. "मग हवा खेळत नसेल. वर काही झाकलंयस का?" मी म्हटलं, मी कशाला झाकू... आणि वळून बघतो तर डब्यावर भरतकामाचा रुमाल. झालरीसकट. आमची नझीहा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, त्यांना घरात उघडी वस्तू बघवत नाही. टीव्हीवर रुमाल, मिक्सरवर रुमाल, मी जरा वेळ हललो नाही तर माझ्यावरही टाकेल. म्हणे, "वाफ बसेल ना त्याच्यावर, नवा डबा आहे." काढला रुमाल. डबा गार होईपर्यंत वाट पाहिली. पुन्हा बटण. पुन्हा आकडे. भांडं जरा गुणगुणायला लागलं, मला वाटलं जमलं, आणि खट्.

आई खुर्चीवरून म्हणाली, "जळका वास येतोय."

"फुलांना अजून धड ऊबही लागली नाही, आई."

"मी फुलांचं बोलले का?"

तेवढ्यात नझीहा धावत ओला फडका घेऊन आली, डब्याच्या कपाळावर ठेवायला. ताप आलाय म्हणे. मी तिचा हात हवेतच धरला. विजेच्या डब्यावर ओला फडका! म्हटलं, "बाई गं, यानं डबा गार होईल की आपण?" तर फणकारून म्हणते, "मग मी काहीच करू नको का?" मी फडका काढून घेतला. चादरीवर फुलांच्या कडा तपकिरी व्हायला लागलेल्या, आई त्यांच्याकडे बघत नव्हती, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती, आणि ते मला जास्त लागलं. रागावली असती तर परवडलं असतं.

मग मी म्हटलं, खमैस, तू आयुष्यभर तापलेल्या गाड्या हाताळल्यास. गाडी तापली की काय करतोस? शिव्या देतोस, ते झालं. मग बॉनेट उघडतोस ना? मग उघड. प्लग काढला, पूर्ण काढला, आणि डबा खोलला. आणि बघतो तर काय, पंखा फिरतोय खरा, पण उलट्या तोंडाने बसवलेला. आतलीच गरम हवा आतल्या आत घुसळतोय, आणि बाहेर जायला भोकं कुठे, तर ज्या बाजूने डबा भिंतीला टेकलाय त्या बाजूला. म्हणजे ती मीच बुजवलेली. पंखा सुलटा केला, डबा भिंतीपासून पुढे काढला. रिधाला सांगितलं, तर तो म्हणतो, "ते मी सांगणारच होतो. आता आतला तो काळा तुकडा बघ, अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर स्क्रूने बसवलाय तो. मध्ये पांढरी पेस्ट आहे का? पेस्ट नसली तर उष्णता पट्ट्यांत उतरत नाही." मी मोठ्याने म्हटलं, "पांढरी पेस्ट नाहीये." तर नझीहा न्हाणीघरातून टूथपेस्ट घेऊन हजर. तुम्ही हसू नका, तिने विश्वासाने आणली होती. मी कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून खरी पेस्ट आणली, चोळली, तुकडा बसवला.

आणि तरी, तुम्हाला सांगतो, तरी भांडं सोडून डबाच. पूर्वीइतका नाही, पण एक कोपरा चटका देतोच. मी रडकुंडीला आलेलो. नझीहाने पावाला तेल आणि हरीसा, म्हणजे आमची लाल मिरचीची चटणी, लावून तुकडा माझ्या तोंडात कोंबला, कारण माझा एक हात डब्यावर आणि दुसरा कपाळावर होता.

आई उठली. डब्यापाशी आली, वाकली, आणि तिने नाक पुढे केलं. जन्मभर या नाकाने तिने कोणत्या घरचं भांडं कोरडं पडून जळलं ते गल्लीच्या टोकावरून ओळखलंय. म्हणाली, "इथून येतोय वास." खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे जाडी वायर आत शिरते तिथे. पुन्हा प्लग काढला, उघडलं, आणि नझीहाने बॅटरी धरली. "अहो, हा स्क्रू हलतोय बघा." हलत होता. वायर नुसती टेकलेली, टोकाला काळी पडून कडक झालेली. सगळी वीज त्या एवढ्याशा फटीतून धडपडत जाणार, मग तापणार नाही तर काय? काळा भाग कापला, ताजं टोक सोललं, स्क्रू असा आवळला की मनगट दुखलं. मग बाकीचेही सगळे आवळले, एकेकाला ओढून पाहिलं.

बटण फिरवलं. भांडं गुणगुणलं, मग कुरकुरलं, मग आतून उकळीचा तो जाडा आवाज आला. डब्यावर हात ठेवला... कोमट. मांजरीच्या पोटासारखा. आई म्हणाली, "आता आच उतरव. पाणी पळवायचं नसतं." उतरवली, तर डबा आणखीनच निवला. आणि नळीच्या टोकाला थेंब आला, लोंबकळला, बाटलीत पडला. मग दुसरा. घरभर तो वास, काय सांगू, वर्षभर आमच्या घरात तो वास नव्हता हे मला तेव्हा कळलं.

आईने मनगटावर एक थेंब घेतला, चोळला, डोळे मिटून हुंगला. म्हणाली, "बरं आहे." डॉक्टरला म्हणाली होती तसलं 'बरं' नव्हे हो, हे निराळं. मग दरवर्षीच्या सवयीने ती भांड्यापाशी धूप पेटवायला गेली आणि मी ओरडायच्या आत स्वतःच थांबली, लाजली, आणि काडी विझवली. वर म्हणते, "तांबटाला निरोप दे." मी भांड्यापुढे आडवा जाऊन उभा राहिलो. "म्हणावं, आतून कल्हई लावून हवीय. पुढच्या वर्षीपर्यंत टिकायला पाहिजे."

तर असं सगळं छान झालं. आई फुलांच्या हंगामात जन्मात पहिल्यांदाच खुर्चीवर बसून कॉफी पितेय, कॉफीत ताज्या पाण्याचे थेंब, धूर नाही, खोकला नाही, मला वाटलं जिंकलो. पण शेगडीपाशी उभं राहायचं काम उरलं नाही, वारा घालायचं उरलं नाही, मग आमची आई दिवसभर करणार काय? परवा टॅक्सी लावून घरी येतो तर खुर्ची रिकामी. शोधलं, तर शेजारच्या मबरुकाबाईंच्या अंगणात, त्यांच्या लाकडाच्या चुलीपाशी, धुरात बसून डोळे पुसत त्यांना सांगतेय, "अगं, आच कमी कर." हात धरून उठवायला गेलो तर म्हणते, "घरी काय करू? तुझा डबा तर आता तापतही नाही."

म्हणून आता मबरुकाबाईंसाठी दुसरा डबा मागवलाय. आला की आधी पंखा सुलटा करणार. गल्लीत चुली अजून बऱ्याच आहेत, आणि आई चांगली ठणठणीत झालीय.