बाहेरून कडी

बाबा : अंहं, तिथं नको. बोटभर खाली घे. तिथं फळीचा जोड आहे, स्क्रू मारलास की लाकूड उलणार.

लेक : खूण तुम्हीच केलीय ना तिथं? सकाळी?

बाबा : मी केली? मग मी गाढव. पूस ती.

लेक : पुसली. इथं?

बाबा : हां. आता गुण्या लाव. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस, वाकडी बसेल. कडी वाकडी बसली की रोज दार उचलून लावावं लागतं, आणि मग एक दिवस कंटाळून माणूस लावायचंच सोडून देतो.

लेक : तसंच व्हावं असं वाटतंय मला.

बाबा : ते दिसतंच आहे. म्हणून तर हात असा मेल्यासारखा चाललाय.

लेक : थट्टा नको, बाबा. जगात कुठली मुलगी बापाच्या खोलीला बाहेरून कडी बसवते?

बाबा : जिचा बाप परक्याच्या दारात मार खाऊन येतो, ती.

लेक : टाक्यांना हात लावू नका.

बाबा : खाजतात गं. मी काय करत होतो तिथं? परत एकदा सांग.

लेक : किती वेळा तेच तेच सांगू?

बाबा : सांग. मला आठवत नाही, निदान ऐकून तरी माहीत असू दे.

लेक : मी घराला कुलूप लावून औषधं आणायला गेले होते. तुम्ही आतून बिजागऱ्यांच्या पिना उपसल्यात, अख्खं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलंत, आणि निघालात.

बाबा : नीट टेकवलं होतं ना? पॉलिश नाही ना खरवडलं?

लेक : खाली पायपुसणं घातलं होतंत.

बाबा : बघ.

लेक : काय बघ? अनवाणी दोन गल्ल्या ओलांडल्यात. कोणाच्या तरी फाटकापाशी बसून चमच्यानं त्याची बिजागरी खोलायला लागलात. त्यांनी विचारलं, कोण तुम्ही, तर म्हणालात, फाटक करकरतंय, तेल आणा.

बाबा : करकरत असेल.

लेक : त्यांनी चोर समजून मारलं तुम्हाला! मी पोचले तेव्हा एक जण तुमच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. आणि तुम्ही त्याला विचारत होतात, तेल आणलंत का म्हणून. मला ते रोज दिसतं, बाबा. भात लावताना दिसतं, झोपताना दिसतं.

बाबा : रडू नकोस. ड्रिल हातात असताना रडू नये, टोक घसरतं.

लेक : नाही रडत.

बाबा : मग मार भोक. हलक्या हातानं, लाकडाला लाकडाच्या कलानं घ्यायचं... बास. आता स्क्रू.

लेक : जात नाही हा. अर्ध्यात अडकला.

बाबा : जोर लावू नकोस, डोकं झिजेल त्याचं. बाहेर काढ. साबणाच्या वडीत घोळव आणि मग फिरव. कोरडा साबण हवा. तेल नाही लावायचं, तेलानं लाकूड कुजतं.

लेक : हो, हो. गेला. लोण्यात गेल्यासारखा गेला.

बाबा : आहे की नाही?

लेक : बाबा, यापेक्षा आरपार बोल्ट टाकले तर? जास्त पक्कं होईल ना?

बाबा : आणि नट कोणाच्या बाजूला येणार?

लेक : आतल्या.

बाबा : म्हणजे माझ्या. नट दिसला की मी पाना शोधणार. पाना नाही मिळाला तर चिमटा, चिमटा नाही तर दात. आतल्या बाजूला मला काही म्हणता काही दिसता कामा नये. हत्यारांची पेटी कुठं ठेवलीस?

लेक : शेजारच्या काकूंकडे.

बाबा : छान. तिथं कुठं ठेवलीय ते मला सांगू नकोस. मी लाडीगोडीनं विचारेन.

लेक : पेटी देताना तुमच्याकडे बघवत नव्हतं मला. तुम्ही स्वतः एकेक हत्यार पुसून तिच्यात ठेवत होतात.

बाबा : गंज धरतो नाहीतर. काकूंना तेलाचा हात फिरवायला सांग अधूनमधून. बरं, कडीचा दांडा चौकटीत नीट जातोय का बघ.

लेक : जातोय. पण आग लागली तर? मी कुठं अडकले तर? तुम्ही आत पडलात तर?

बाबा : म्हणून कडी. कुलूप नाही. घराची किल्ली काकूंकडे आहे, भिंतीवर थाप मारली तर त्यांना ऐकू जातं. खोलीत पंखा आहे, पाणी आहे, संडास आहे. आणि तू काय, दिवसभर थोडीच कोंडणार आहेस मला? काकूंना इथं येऊन बसता आलं नाही आणि तुला बाहेर जावं लागलं, तेवढ्यापुरतं.

लेक : घरात मोकळे राहिलात तर? बाहेरच्या दाराचंच काहीतरी करू.

बाबा : आणि गॅस? शेगडी साफ करायची म्हणून नळी काढून ठेवली, आणि सिलिंडरवरचा नळ चालूच. कोणी केलं ते?

लेक : तुम्ही.

बाबा : त्यांनी मला मारलं ते चाललं, माझं मी भोगलं. पण तू दार उघडून दिवा लावलास आणि भडका उडाला तर? नाही, ठमे. ते मला चालणार नाही. खोलीच पाहिजे.

लेक : कडी जरा वर घेतली असती तर बरं दिसलं असतं.

बाबा : दिसायला बाहेरच्या दाराची होती की वर. तू चालायला लागलीस आणि सारखी रस्त्यावर पळायचीस, तेव्हा मी ती वर उचलून बसवली. तुझा हात पोचू नये म्हणून. काय बोंबलायचीस! दाराशी लोळण घ्यायचीस.

लेक : आणि तुम्ही?

बाबा : मी काय, तिथंच पेपर वाचत बसायचो. आता तू बस.

लेक : मला पेपर वाचायला जमणार नाही.

बाबा : जमव. चल, आता बिजागऱ्या. त्या माझ्या बाजूला येतात. नुसत्या कडीनं मी अडणार नाही, परत पिना उपसेन. दार उघड पुरतं. दोन्ही पात्या दिसतात ना? समोरासमोरचा एकेक स्क्रू काढ.

लेक : काढले.

बाबा : चौकटीकडच्या भोकात लांब स्क्रू घाल, पण अर्धाच. बाकीचा बाहेर राहू दे. आता हॅकसॉनं त्याचं मुंडकं उडव आणि कानसीनं टोक गोल कर. दाराकडचं भोक ड्रिलनं खोल कर. दार मिटलं की हा खुंटा त्या भोकात जाऊन बसतो. मग पिन काढली तरी दार जागचं हलत नाही.

लेक : हे तुम्ही कधी कोणाला करून दिलंय?

बाबा : पुष्कळांना. चोर बाहेर राहावा म्हणून. आत राहावा म्हणून पहिल्यांदाच करतोय. साबण लाव हं स्क्रूला. कोरडा. तेल नाही लावायचं, तेलानं लाकूड कुजतं.

लेक : सांगितलंत मघाशी.

बाबा : सांगितलं?

लेक : चालेल. परत सांगा.

बाबा : कान उघडे ठेव आणि नीट ऐक. मी आतून ओरडेन. शिव्या देईन. ते सोपं आहे. पण मी गोड बोलेन, शहाण्यासारखं बोलेन, अगदी आता बोलतोय तसं. तरी उघडायचं नाहीस.

लेक : आणि तुम्ही खरंच भानावर असाल तर? तेव्हाही तुम्हाला कोंडून ठेवू? मला कळणार कसं?

बाबा : विचार मला काहीतरी. मला येईल आणि त्याला येणार नाही असं.

लेक : त्याला कोणाला?

बाबा : चमचा घेऊन फिरतो त्याला. तुझं नाव विचार.

लेक : नाव नको.

बाबा : का? सोपं तर आहे.

लेक : नको म्हटलं ना! तुम्हाला नाही आलं तर मला ते ऐकवणार नाही. दुसरं काहीही विचारेन, पण ते नाही.

बाबा : बरं बरं. मग कामाचं विचार. स्क्रू अडला तर काय लावायचं? मी जागेवर असेन तर हे चुकणार नाही. बरोबर सांगितलं तर उघडायचं. ठरलं?

लेक : ठरलं.

बाबा : झाला खुंटा? दार मिटवून बघ. वा. तुझ्या हातात माझा हात उतरलाय, ठमे. चल, आता मी आत जातो. तू कडी लाव. मी निघायचा प्रयत्न करतो.

लेक : आत्ता? उद्या बघू ना.

बाबा : उद्या मी असेन की नाही काय माहीत? आत्ताच.

(दार मिटतं. कडी सरकते.)

लेक : बाबा? ठीक आहात ना?

बाबा : आहे की. खिशातला चमचा काढतोय.

लेक : चमचा कुठून आला तुमच्या खिशात?

बाबा : सकाळी चहाबरोबर दिलास, तो ठेवून घेतला. यापुढं मोजून परत घेत जा. हां, वरची पिन निघाली. आता खालची. मऊ आहे. निघाली. ओढतो हं... हलत नाही. ठमे, जराही हलत नाही!

लेक : झालं मग. उघडते.

बाबा : थांब. फटीत चमचा घालून बघतो. काम अर्धवट तपासू नये.

लेक : पुरे झालं, बाबा... बाबा? काय करताय? आवाज का येत नाही? बोला ना काहीतरी.

बाबा : कोण आहे?

लेक : मी आहे.

बाबा : जरा दार उघडता का? अडकलंय वाटतं.

लेक : बाबा, थट्टा करताय ना?

बाबा : थट्टा कसली? मला घरी जायचंय, उशीर झालाय. इथलं काम संपलं माझं.

लेक : स्क्रू अडला तर काय लावायचं?

बाबा : काय?

लेक : स्क्रू लाकडात अडला, जात नाही. तर त्याला काय लावायचं?

बाबा : साबण. कोरडा. तेल नाही लावायचं, तेलानं लाकूड कुजतं. आता उघडा.

लेक : बरोबर. बरोबर आहे, बाबा.

बाबा : मग उघडा की, बाई. का छळताय? माझी मुलगी घरात एकटी आहे. लहान आहे हो. कडी वर आहे दाराची, तिचा हात पोचत नाही.

लेक : पोचतो.

बाबा : तुम्ही ओळखता तिला?

लेक : ओळखते. मोठी झालीय ती आता. कडीवरच हात आहे तिचा.

बाबा : अहो, मग तिला सांगा ना! उघडू नकोस म्हणावं. बाहेर रस्ता आहे. कोणी कितीही गोड बोललं तरी उघडू नकोस.

लेक : नाही उघडत ती, बाबा.