एलियन मरायच्या आत टीव्ही बंद

नाही, मला सांगा, बंद नाही करणार तर काय करणार? मारायला निघाले होते ना त्याला! एकाच्या हातात कुऱ्हाड, एकाच्या हातात पेट्रोलचा कॅन, ती म्हातारी तर तवा घेऊन धावत होती, आणि मी काय हात बांधून बघत बसू? दाबलं बटण! झालं, तेव्हापासून सगळं धानोरा मला बोलतंय. "उमरावबाई, मुलाला बघायला आलेले पाहुणे बसलेत, आणि टीव्ही बंद करता?" अहो, पाहुणे काय घरी जाणारच होते… त्याचा तर जीव जात होता!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही पण म्हणाल बाई खुळी आहे. आमचं कापडाचं दुकान. आमचे हे… नाव नाही घेत मी, दुकानाच्या पाटीवर छगनलाल लिहिलंय, वाचून घ्या… आणि आमचा एकुलता एक अरिहंत. दुकान खाली, घर वर. आणि अरिहंतला लहानपणापासून एकच वेड, एलियनचे सिनेमे! ते रडके, रॉकेटवाले नाही हां. ज्यात आधी किंकाळी फोडायची आणि मग हसून हसून पोट धरायचं, ते! परदेशातलं गाव, गोरी गोरी माणसं, आणि बोलतात कशी? "अबे ओ चमनलाल, तेरे पीछे क्या है बे!" हिंदीत! आणि मागे काय? तर हा एवढा हिरवा चिकट गोळा, डोळे कुठे, तोंड कुठे, काही पत्ता नाही, आणि डोक्यावर हवालदाराची टोपी! आता हवालदार कुठे गेला हे विचारायचं नाही. आधी मी ओरडायचे, "बंद कर ते, डोळे जातील!" मग दारातून बघायला लागले, मग खुर्चीवर जरा टेकून, आणि आता तुम्हाला खरं सांगते, पापड लाटायचे असले तरी पोळपाट टीव्हीसमोरच असतो माझा.

का आवडतं विचारा ना. विचारा! अहो, एवढं मोठं आकाश ओलांडून येतो तो, आणि येतो कुठे? लहान गावात! मोठ्या शहरात उंच उंच इमारती आहेत, त्याच्या यानाला उतरायला गच्च्या आहेत, पण नाही! त्याला कुठलंतरी गाव लागतं, जिथे एक शाळा, एक पेट्रोलपंप, एक भांडखोर म्हातारी आणि एक पाटील, जो गोळा पायावर चढेपर्यंत म्हणतो, "आमच्या गावात असलं काही नाही." अगदी आमचं गाव! मला तर तिथला एकेक माणूस ओळखीचा वाटतो. आणि मजा बघा, बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोन भाऊ त्या गोळ्याला घाबरून एकाच कोठारात लपतात, आणि लपल्या लपल्या काय करतात? भांडतात! "तू आधी माफी माग, मग दार लाव!" बाहेर तो चाटतोय दार! हसायचं की घाबरायचं, कळतच नाही, आणि त्यातच सगळी गोडी.

शेजारच्या छबूबाई, शेतावरून आल्या की पदराला हात पुसत थेट आमच्या हॉलमध्ये. "काय व भाबी, उना का तो?" उना म्हणजे आला. जसा काही जावईच यायचाय! मी म्हणते, आला, टाकीत बसलाय. कारण एका सिनेमात तो येतो गावच्या पाण्याच्या टाकीत. नळ सोडला की गोळा, अंघोळीला बसला की गोळा. आता मला सांगा, त्या बायकांनी नळाला साधं गळणं बांधलं असतं, आमच्याकडे बांधतात तसं जाड कापडाचं, तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता की नाही? न गाळता पाणी पितात आणि मग म्हणतात एलियन आला!

पण घर आमचं जैनाचं. जीव मारायचा नाही, मारायला लावायचा नाही, आणि दुसरा मारत असेल तर त्यात आनंद पण मानायचा नाही. अनुमोदन म्हणतात त्याला, तेवढंच पाप लागतं. महाराजसाहेब दर चातुर्मासात सांगतात. आता एलियन झाला म्हणून काय झालं? डोळे आहेत त्याला! जरा जास्त आहेत, पण आहेत ना! म्हणून माझा नियम. गावकरी कुऱ्हाडी काढायला लागले की टीव्ही बंद, नवकार मंत्र म्हणायचा, ताटं वाढायची. छबूबाई चडफडतात, "मराना टाइमलेच कशी बंद करी देस व! मन्हा जीव टांगणीले लागस!" लागू दे म्हटलं, पण पाप नको.

त्याचं झालं काय, की आमच्या घरात एकाही सिनेमाचा शेवट कोणी पाहिलेला नाही. अरिहंतने लहानपणी विचारलं, "मम्मी, मग त्याचं पुढे काय होतं?" मी काय सांगणार? ह्यांनी सांगितलं. "काय व्हायचंय? राहतो गावात. आपले पणजोबा मारवाडातून आले तेव्हा लोक म्हणाले कोण हा, कुठली भाषा बोलतो, पागोटं बघा कसलं! मग दुकान टाकलं, उधारी सुरू झाली, झाले गावचे. त्याचं पण तसंच." आणि पोराने ते खरं मानलं! अहो, मी पण मानलं. कितीतरी गावांत तो सुखाने नांदतोय असं धरून मी रात्री झोपत होते.

तर असा हा अरिहंत, लग्नाचं वय उलटायला लागलं, मुलगा सोन्यासारखा, पण मुलींचं एकच. "धानोरा? मॉल आहे? नाही? मग राहू दे." एकीने तर फोनवरच नकाशा उघडला, आमचं गाव बोटांनी मोठं करून करून बघितलं आणि म्हणाली, "आंटी, संपलं." काय संपलं? माझी झोप उडाली हो. रडले मी देवासमोर. आकाशातला तो बघा, कोणी बोलावलेलं नाही, कुठलं स्थळ नाही, आणि येतो कुठे? लहान गावात! आणि इथे शेजारच्या सुरतेहून एक मुलगी यायला तयार नाही!

आणि मग जिनल आली बघायला. सुरतेची, शिकलेली, मनात भरली माझ्या, पायऱ्या चढली तेव्हाच भरली. पण बसले सगळे आणि जे गप्प झाले! तिचे पप्पा पंख्याकडे बघतात, आमचे हे तिच्या पप्पांकडे बघतात, खाखरा मोडल्याचा आवाज तेवढा. शेवटी तीच म्हणाली, "इथे संध्याकाळी काय करता तुम्ही?" आमचा अरिहंत, धोंडाच तो, म्हणतो कसा, "एलियन बघतो." मी म्हटलं संपलं, गेलं हे पण स्थळ. तर ती पोरगी खुर्चीवरून उडालीच! "टाकीवाला बघितला? मला तो इतका आवडतो! आणि शेवट तर काय भारी!"

"हो ना," अरिहंत खुलला, "शेवटी तो त्या गावातच राहतो."

"राहतो? अरे, जाळतात त्याला! पेट्रोलपंपावर!"

काय सांगू तुम्हाला… ह्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. अरिहंतचा चेहरा एवढासा. आणि माझ्या डोळ्यांत पाणी! "जाळलं? त्या टोपीवाल्याला पण?" ती म्हणे, "त्याला तर तिसऱ्याच दिवशी, आंटी." सगळ्यांचे चेहरे असे, जशी घरातलीच वाईट बातमी आलीय. तिची आई तिच्या कानात कुजबुजते, "आ लोकोने शुं थयुं?" काय झालं म्हणे ह्या लोकांना! आणि छबूबाई दारातून, "मी म्हने ना, तो गावमा नई ऱ्हावाव! दुकान टाकस म्हने!" जिनलला वाटलं आम्ही गंमत करतोय. तिने पटकन मोबाइल टीव्हीला जोडला, सिनेमा लावला, तिथेच नेला सरळ, शेवटाला. तेच ते! कुऱ्हाड, कॅन, तवा, आणि तो बिचारा कोपऱ्यात डोळे मिटून, सगळेच्या सगळे… मी उठले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. वर तोंडाने काय गेलं माहीत आहे? "आमच्या घरात कोणाला जाळत नाहीत!"

हे होणाऱ्या विहीणबाईंसमोर!

गेले ते. आमच्यात रात्री जेवत नाहीत ना, तर दिवस मावळायच्या आत जेवायचंय म्हणून निघतो म्हणाले, पण मला कळत नाही का? ह्यांनी मला धारेवर धरलं. "एका गोळ्यापायी पोराचं लग्न मोडलंस!" अरिहंत नुसता टीव्हीची वायर गुंडाळत बसला, त्याचंच जास्त लागलं. मी भांडी घासत बसले आणि प्रत्येक पातेल्याला विचारलं, की बाई, तुला दोन मिनिटं डोळे मिटता येत नव्हते? पाप लागलं असतं तर लागलं असतं, सून तर आली असती!

आणि फोन वाजला. जिनल! आईवडिलांनी नाही हो, तिने स्वतः! "आंटी, मी रस्ताभर हसतेय. पप्पा म्हणतात फार लहान गाव आहे. मी म्हटलं, जिथे त्या गोळ्याला कोणी हात लावू देत नाही, तिथे मला कोण त्रास देणार? माझा होकार आहे." मी खाली बसले तिथेच, ओल्या हातांनी. पुढे काय म्हणाली ऐका. "पण एक आहे आंटी, शेवट मी बघणार. रोज."

म्हटलं बघ गं बाई, काय बघायचं ते बघ, फक्त ये!

आली. आता दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की हॉलमध्ये जिनल, अरिहंत, छबूबाई आणि आमचे हे… हो, हे पण! चातुर्मासात प्रवचनाला पुढच्या रांगेत बसणारा माणूस तिथेही पुढेच बसतो! कुऱ्हाडी निघाल्या की मी उठते, आतल्या खोलीत जाते, दार लावून नवकार म्हणते. पण बाहेर इतका हशा, इतक्या किंकाळ्या, की नवकारात लक्ष लागेल तर शपथ! शेवटी आतूनच ओरडते, "झालं का गं? मेला का?"

"मम्मी, ह्यात बरेच गोळे होते, बाकीचे गेले. एक धाकटा निसटला, विहिरीत लपलाय, हे लोक त्याला शोधतायत!"

आता काय करणार? उघडते दार. सगळे मारणाऱ्यांच्या बाजूने बसलेत, त्या धाकट्याच्या बाजूने घरात कोणीतरी नको?