हात धरणाऱ्या पेशी

लखनऊच्या त्या पोटविकारांच्या दवाखान्यात मराठी कानावर पडलं, तसं पद्माबाईंनी हातातलं मासिक जरा वर उचललं. शेजारच्या नवराबायकोला वाटत होतं, इथे आपली भाषा कुणाला कळणार.

“पुन्हा रक्त पडतंय, आणि तुम्ही गप्प.”

“अरुणा, हळू.”

“हळू कशाला? इथे कोण मराठी बसलंय? परवा व्याख्यानात काय सांगत होतात? आतड्यातले राखणदार माजले की शत्रू नसतानाही घरालाच काठ्या घालतात.”

“हो. आणि त्यांचा हात धरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्या कमी पडल्या की दाह.”

“तुमच्यात त्या कमी पडल्यात, म्हणून तर गोळ्या दिल्या. सोडल्यात का?”

“त्या गोळ्यांनी तोंड सुजतं गं. व्यासपीठावर भोपळा दिसतो.”

“वा. आतडं कापलं तरी चालेल, फोटो देखणा यायला हवा. तुमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना मात्र औषध वेळेवर मिळतं.”

“डॉक्टरांना सांगू नकोस. उद्यापासून घेतो ना.”

“मागच्या खेपेलाही उद्याच होता.”

नर्सने दारातून विचारलं, “चंद्रहासजी, दवा रोज़ ली?”

“हाँ जी, रोज़.”

“नहीं ली,” अरुणा उठत म्हणाली. “साइंटिस्ट हैं. चेहरा सूज जाता है, इसलिए छोड़ दी.”

सगळ्या माना वळल्या.

“चारचौघांत, अरुणा?”

“मराठीत सांगून पाहिलं. चला आत.”

“जा हो भाऊ,” पाय आवरून वाट देत पद्माबाई म्हणाल्या, “मराठीतही कळलंय सगळं.”