बिनदुधाची मशीन

मला अख्ख्या मालवणात कोणी गंडवू शकत नाही. म्हणजे, मी स्वतः सोडून. घरासाठी कॉफीची मशीन घ्यायला बायकोसोबत कुडाळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी विचारलं, "काका, दिवसाक किती कप? दूध, साखर?"

ह्याला कशाला नसती पंचायत? माझी शुगर वाढल्यापासून बायको पाळत ठेवते. तिनेच ह्याला फितवलं असणार. मी ठणकावून सांगितलं, "एकच कप. काळी. बिनसाखरेची."

झालं! त्याने माझ्या मनात भरलेली, दुधाला फेस आणणारी मशीन मागे सारली आणि काळ्या कॉफीपुरती छोटी बांधायला घेतली.

मी बायकोच्या कानाशी लागलो, "तू तेका आधीच फोन केलंस मा?"

"मी तेका आज पयल्यांदाच बघतंय," ती मोठ्याने म्हणाली. "पण तुमी काळी पितास, मगे साखरेचो डबो आठ दिसात रिकामो कसो होता?"