ओट्याखाली बाबा

बोईसरला दांडीच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. सुनेने लोखंडी अँगल तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला होता.

“आई, बाबांना फोन करू?”

“नको! उचलायला हलतील, नि अख्खा ग्रॅनाइट पाठीवर पडंल.”

“मधला कडप्पा काढायलाच नको होता. त्याच्यावरच ओटा पेलला होता.”

“मी सांगितलं नाय? पन यांना तितंच मासळीच्या बर्फाची पेटी ठेवायची होती.”

“बेसिनपाशी कडकन वाजलं, तर बाहेर पळायचं सोडून खाली शिरले.”

“आता पाठ लावून बसलेत. होडीचा टेकू लावते म्हटलं, तर म्हनतात, लाकूड होडीला, दगडाला लोखंडच पायजे.”

“भेग वाढली असंल काय हो?”

“गप! तसं बोलू नको.”

“निघताना मी त्यांना चहा पाजला. स्ट्रॉने.”

“चहा? अगं, आता उठायला लागंल त्यांना!”

फोन वाजला.

“आई, बाबाच हायत.”

“उचल, उचल! जिते हायत ना? काय म्हनतात?”

“म्हनतात, शिंक येतेय.”

“दे इकडं! अहो, नाक दाबा! दाबूनच ठेवा! रिक्षा! ए रिक्षा!”